राजाच्या गालावरची रेघ

"सोन्याला डाग पडतो व्हय वो वहिनी?"

आत्यानं हे विचारलं तेव्हा भाऊबीजेचं ताट तिच्या हातात होतं, निरांजन पेटलेलं होतं आणि माझे बाबा टोपी घालून पाटावर ओवाळून घ्यायला बसलेले होते. प्रश्न विचारायची ही वेळ नव्हती. पण कामथडीला दिलेल्या माझ्या आत्याला शंका आली की ती आधी बोलते आणि मग ओवाळते. प्रश्न थोरल्या काकीला होता. काकी चुलीपाशी होती. तिनं ऐकलं आणि चुलीतलं लाकूड पुढं सारलं.

आमचं घर विंझरचं. घरात इंग्रजांच्या वेळच्या सोन्याच्या पाच गिन्या आहेत. एका बाजूला दाढीवाल्या राजाचं तोंड, दुसऱ्या बाजूला घोड्यावरचा माणूस आणि घोड्याच्या पायाशी एक जनावर, ज्याला आमच्याकडं सगळे मगर म्हणतात. त्या घरात कशा आल्या याच्या तीन गोष्टी सांगितल्या जातात आणि तिन्ही वेगळ्या आहेत. एवढं मात्र खरं, की लक्ष्मीपूजनाला त्या पाटावर मांडायच्या आणि भाऊबीजेपर्यंत तिथंच ठेवायच्या. माहेरी आलेल्या लेकींनी त्यांना हात लावून पाया पडलं, की मग त्या परत डब्यात. मांडणी काकीची. कुंकू वाहते माझी आई. काका जाऊन बरीच वर्षं झाली, तेव्हापासून हे असंच आहे. काकीनं कुंकू वाहू नये असं घरात कुणी कधी म्हटलेलं नाही, तरी वाहते आईच. यावर मी एक पत्रक लिहून ठेवलंय. ते छापायची हिंमत अजून झालेली नाही.

हो, मी पत्रकं लिहिते. भोरला खोली घेऊन राहते, आम्हा चारपाच जणांचा एक गट आहे, आणि एका कागदाच्या दोन्ही बाजूंवर जगातला कुठलाही अन्याय बसवायची मला सवय झालेली आहे. पत्रकाचं पहिलं वाक्य म्हणजे सभ्य शब्दांतली शिवी असते. शेवटचं वाक्य प्रश्न असतो. मधे वाचणाऱ्याला उसंत द्यायची नाही. पत्रक लिहिणाऱ्याला आधी गुन्हेगार लागतो, गुन्हा मागून सापडतो. हे मी आज म्हणते आहे. त्या भाऊबीजेला मला ते कळत नव्हतं.

त्या दिवशी पाटावरच्या पाच गिन्यांपैकी एक लखलखीत होती. बाकीच्या चारांवर डाग होते. काही तांबूस ठिपके, काही हिरवट, तुकतुकीत, जसं भांड्याच्या तळाला तेल धरतं तसं. एकीवर तर मधोमध काळी पट्टी. आत्यानं चारही उचलून उजेडात धरल्या, पाचवीशी ताडून पाहिल्या आणि घरातल्या सगळ्यांना पटेल असा हिशेब मांडला: सोनं गंजत नाही. मग जी चकचकीत ती खरी. उरलेल्या चार कुणीतरी बदलल्या.

कुणीतरी म्हणजे कोण, हे बोलायची गरज नव्हती. डब्याची किल्ली एकाच बाईच्या पदराला असते.

"आत्या, तोंड सांभाळून बोल," मी म्हणाले.

"तू गप. कागद वाटून सोनं कळत न्हाई."

बाबा मधे पडले. त्यांच्या मते घरात भांडण्यापेक्षा बाहेर विचारावं. दुसऱ्या दिवशी ते, आत्या आणि काकी दोन गिन्या घेऊन हमरस्त्यावरच्या एका सराफाकडं गेले. सराफानं गिनी बोटांत फिरवली आणि सांगितलं, बावीस कॅरेटला असले डाग पडत नाहीत, कडेला कसोटीवर घासून बघू, नाहीतर वितळवू, खोट निघाली तर तेवढी घट धरू. काकीनं त्याच्या हातातून गिनी काढून घेतली. म्हणाली, "घासायची न्हाई. घासलेली परत येत न्हाई."

"का न्हाई? भ्या कशाचं?" आत्यानं भर दुकानात विचारलं.

काकी घरी आली, पदराची किल्ली सोडली, देव्हाऱ्यापुढं ठेवली आणि म्हणाली, "आता म्या हात लावायची न्हाई." त्यावर तिनं कुणाशी वाद घातला नाही, रडलीही नाही. सकाळची पूजा आईकडं दिली आणि स्वतः गोठ्यातलं जास्त काम अंगावर घेतलं. काकीला या घरात येऊन किती वर्षं झाली ते तीच मोजत नाही. तिला मूल नाही, नवरा नाही. या घरात तिचं असं जे काही होतं, ते म्हणजे त्या किल्लीची पत. ती आता देव्हाऱ्यापुढं पडलेली होती आणि जाता-येता सगळ्यांना दिसत होती.

मी ओट्यावर बसून दोन तासांत पत्रक लिहून काढलं. मथळा: "डाग सोन्यावर की सराफाच्या नियतीवर?" घासून सोनं चोरणं, घटीच्या नावाखाली सोनं चोरणं, वितळवून सोनं चोरणं, सगळं आलं. लिहून झाल्यावर वाचलं तर जोरदार होतं, पण मधे एक भोक होतं. डाग खरंच कशाचे ते मला माहीत नव्हतं. शिवी देण्यापुरता एक जाणकार हवा होता. म्हणून भोरच्या बाजारातले घड्याळकाका आठवले. घड्याळं दुरुस्त करता करता त्यांना जुन्या नाण्यांचा नाद लागला. कुणाकडं काही सापडलं, की नाणी जमवणारे लोक ते त्यांच्याच डोळ्याखालून घालून घेतात.

बाबांनी डबा माझ्याकडं दिला. काकी म्हणाली, "म्या नुसती बसंन संगं." डब्याला हात लावला नाही. एसटीत पाच गिन्या माझ्या पिशवीत होत्या, पत्रकांच्या जुन्या गठ्ठ्याखाली. नसरापूरला गाडी बदलली तेव्हा ती म्हणाली, "पिशवी म्होरं घे." बाकी रस्ताभर मीच बोलत होते. त्या सराफाला कसा उघडा पाडणार ते सांगत होते.

घड्याळकाकांचं दुकान म्हणजे एक टेबल, एक खिडकी आणि भिंतीभर बंद पडलेली वेळ. मी डबा उघडून एक गिनी चिमटीत उचलली तर ते ओरडले.

"कडेला धर! तोंडाला बोट लावायला ते काय लेकरू आहे?"

त्यांनी टेबलावर मऊ फडकं अंथरलं. ट्यूब बंद केली. मी म्हटलं, उजेड कमी झाला की. म्हणाले, "ट्यूब सगळ्यांना सारखं वागवते. खिडकीचा उजेड तिरका येतो, तो चुगली करतो." मग डोळ्याला भिंग लावलं, पण लगेच पाहिलं नाही. आधी पाचही गिन्या छोट्या काट्यावर एकेक ठेवल्या. आठ ग्रॅमला जराशा कमी, पाचही. मग व्हर्नियरच्या मोजपट्टीनं रुंदी घेतली. कडेचे दाते फिरवून पाहिले. मग भिंगातून राजाची दाढी आणि घोड्याचे पाय. हे सगळं होईपर्यंत ते डागांकडं बघतसुद्धा नव्हते. मला राहवेना.

"काका, डाग बघा ना. डागासाठी आलोय."

"कार्यकर्त्या बाई, डाग आधी बघितला की माणूस नाणं बघत नाही." एवढं बोलून त्यांनी भिंग काढलं. "खऱ्या आहेत. पाचही. हे पहिलं लिहून घे."

मी काकीकडं पाहिलं. ती दारापाशी स्टुलावर बसली होती. तिनं पदर सोडून पुन्हा खोचला, एवढंच.

"तरी एकदा कॅरेटच्या मशीनवर ठेवून घ्या, घरच्यांच्या समाधानासाठी. मशीनला घासावं लागत नाही. पण मशीन धातू सांगतं. डाग कुठून आला ते सांगत नाही. ते आता बघू."

मग त्यांनी पुन्हा भिंग लावून एकेक डाग वाचला. वाचला हाच शब्द बरोबर आहे. गिनी थोडी कलंडायची, उजेड तिच्यावरून घसरू द्यायचा आणि डाग पृष्ठभागावर बसलाय की आतून आलाय ते ठरवायचं. पहिल्या गिनीवरचा लाल ठिपका त्यांनी पाण्यानं ओल्या केलेल्या कापसाच्या टोकानं नुसता टेकून उचलला. कापूस लाल झाला.

"हे कुंकू. अक्षरांच्या खाचेत बसलंय. पूजेतली नाणी मला लांबून ओळखता येतात."

दुसऱ्या गिनीवरचे तांबूस ठिपके कापसाला दाद देईनात.

"हे आतलं. चोवीस भागांतले बावीस सोनं, उरलेलं बहुतेक तांबं. टांकसाळीत ते नीट मिसळलं नसेल, तर कुठंतरी कणभर गोळा राहतं. तुमच्याकडं पाऊस किती, दमटपणा किती! वर्षानुवर्षांनी ते तांबं डोकं वर काढतं. सोनं डागाळत नाही, त्यातलं तांबं डागाळतं. याला कुणी जबाबदार नाही. काढायलाही जाऊ नये."

"मग सराफ खोटं बोलला!" मी वही सरसावली.

"खोटं नाही. अर्धवट बोलला. त्याला रोज दागिने वितळवायचे असतात, नाणं सांभाळायचं नसतं. डाग हा खोटेपणाचा पुरावा नाही. खरेपणाचाही नाही. म्हणून तर वजन आधी."

माझं पत्रक तिथंच जरा बसकं झालं. पण अजून हिरवं बाकी होतं. ते त्यांनी सगळ्यात शेवटी घेतलं. कापूस टेकवला, तो चिकटला. मग गिनी नाकाशी नेली आणि माझ्यापुढं धरली.

"वास घे."

मी घेतला. नव्या रेनकोटाचा वास. नाही, त्याच्याही जवळचा. बँकेच्या पासबुकाला मिळतं त्या मऊ कव्हराचा वास.

"कशात ठेवली होती?"

कशात ठेवली होती, हे जगात माझ्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. आदल्या वर्षी आमच्या गटानं एक पत्रक काढलं होतं. मथळा: "आपलं सोनं, आपली नोंद". दुरुस्तीला दिलेला दागिना बदलून मिळतो, बायकांना ओळखता येत नाही, म्हणून प्रत्येक दागिन्याचा फोटो काढा, वजन लिहा आणि प्रत्येक वस्तू वेगळ्या पारदर्शक पाकिटात चिठ्ठीसह ठेवा. पाकीट विकत घ्यायला नको. पासबुकाचं किंवा रेशनकार्डाचं जुनं कव्हर कापा, कडेला स्टेपल मारा, वरून रबर लावा. कसं कापायचं त्याची आकृतीही काढली होती. मीच काढली होती. कल्पना मला इतकी आवडली होती, की पहिली पाच पाकिटं मी काकीच्या डब्यातल्या गिन्यांसाठी केली आणि त्यांचा फोटो सभेत दाखवला. मग विंझर, वरवे बुद्रुक, कामथडी. दारोदार.

आणि त्या पत्रकाचा उरलेला गठ्ठा आत्ता माझ्याच पिशवीत होता. मी एक काढून टेबलावर ठेवलं. तोंडानं सांगण्यापेक्षा ते सोपं होतं.

घड्याळकाकांनी भिंग न काढता ते वाचलं. पूर्ण, दोन्ही बाजू.

"अक्षर चांगलंय," ते म्हणाले. "आकृतीही नेटकी आहे." मग जरा थांबून, "हे प्लास्टिक मऊ राहावं म्हणून त्यात तेलासारखं काहीतरी घालतात. उन्हाळ्यात पत्र्याखाली ते सुटतं. नाण्यावर बसतं, चिकट होतं, हिरवं होतं. ही काळी पट्टी तुझ्या रबराची, रबरात गंधक असतं. आणि ही," त्यांनी चौथी गिनी कलंडली, "ही राजाच्या गालावरची रेघ बघ. कड अजून चमकते, म्हणजे ताजी आहे. जुन्या रेघेच्या कडा मऊ होतात. ही तुझ्या स्टेपलरची तार."

मी भिंगातून पाहिलं. डोळ्याच्या खालून दाढीपर्यंत एक सरळ रेघ. भिंगातून ती एखाद्या नांगरटीएवढी दिसते.

पाचवी गिनी, ती लखलखीत, त्यांनी हातात घेतली आणि लगेच खाली ठेवली. "ही कुणी घासली?"

"म्या," दारातून काकी म्हणाली. "चिच आन राख लावली. दिवाळीच्या आदी डबा उघडला तर समद्यास्नी हिरवं धरल्यालं. पाकिटातनं काडली, एक घासली."

"मग बाकीच्या का नाही घासल्या?"

"तिच्या तोंडावर बारीक बारीक रेघा दिसाया लागल्या. म्हातारीच्या गालावानी. म्हनलं, हे काय बरं न्हाई. ऱ्हाऊ दे हाय तशा."

घड्याळकाका पहिल्यांदा हसले. "मावशी, चार वाचवल्यात तुम्ही. ही एक मात्र गेली. सोनं सोन्याजागी आहे, पण जमवणारा माणूस ही हातात घेऊन खाली ठेवेल. तिची मूळ झिलई राखेबरोबर निघाली."

म्हणजे आमच्या सगळ्या घरानं जी एकच खरी ठरवली होती, ती सगळ्यात जास्त बिघडलेली होती. आणि ज्या चारांवरून काकीला चोर ठरवलं, त्या तिनं हात आवरला म्हणून वाचल्या होत्या. मी हे वहीत लिहिलं नाही. लिहिण्यासारखं होतं, पत्रकात तर फार शोभलं असतं, पण मी वही मिटली.

हिरवं काढायला त्यांनी शुद्ध ॲसिटोन घेतलं. नखांचा रंग काढायचं नव्हे, त्यात इतर भानगडी असतात, हे मला बजावून सांगितलं. काचेच्या वाटीत गिनी बुडवायची, थांबायचं, काढायची, हवेवर वाळू द्यायची. घासायचं नाही. तीन गिन्यांवरचं हिरवं विरघळून गेलं. चौथीवरचंही गेलं, पण खाली एक निस्तेज ठसा राहिला, ओल्या पेल्याचा लाकडावर राहतो तसा. तो राहणार, म्हणाले. मग प्रत्येक गिनीची एक चिठ्ठी लिहिली: वजन, डाग कुठला, कशाचा, काढता येतो की नाही. जाड कोरा कागद आणि खळ नसलेलं धुतलेलं सुती कापड, याशिवाय कशात ठेवू नका. वरून सल्ला, "कुंकू पाटाला लावा. राजाला नको. तो तसाही आपला नव्हे."

मशीनवर पाचही बावीस कॅरेट निघाल्या. तो कागदही घेतला.

परतीच्या एसटीत काकीनं शेंगा घेतल्या. ती सोलत होती, दाणे माझ्या ओंजळीत टाकत होती आणि मी ते खात नव्हते.

"काकी, तुला माहीत होतं?"

"काय?"

"हिरवं पाकिटानं धरलं ते."

"तुज्या पाकिटाचाच वास येत हुता की. नाक हाय मला."

"मग आत्या एवढं बोलली तेव्हा सांगितलं का नाहीस?"

तिनं खिडकीबाहेर टरफलं टाकली. "काय सांगू? पोरीनं येवडं शिकून लिवलं, गावोगाव फिरून वाटलं. आन तिच्याच घरात तिचं चुकलं म्हनू? वन्सं तर कामथडीभर करतील."

"आणि तुला चोर म्हटलेलं चाललं?"

"मला वळखत्यात समदी."

"ओळखतात? ओळखतात म्हणून किल्ली खाली ठेवायची पाळी आली का?"

तिनं आणखी एक शेंग फोडली. "दानं खा," ती म्हणाली. "मऊ पडत्यात."

मी आयुष्यभर गप्प बसणाऱ्या बायकांवर पत्रकं लिहिली आहेत. बोला, लिहा, तक्रार करा. त्या का गप्प बसतात याची माझ्याकडं पाठ झालेली कारणं होती: भीती, अडाणीपणा, रूढी. त्या यादीत हे कारण नव्हतं, की एखादी बाई माझ्यासाठी गप्प बसली असेल. आणि सराफाचं म्हणाल तर तो अर्धवट माहितीवर बोलला, मीही अर्धवट माहितीवर बोलले. फरक एवढाच, की माझी छापलेली होती.

बाबांनी फोन करून आत्याला बोलावलं. ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली. पाटावर कोरा कागद, त्यावर पाच गिन्या, पुढं पाच चिठ्ठ्या. मी उभी राहून वाचायला लागले. सभेत मी कागद न बघता बोलते. तिथं चिठ्ठीवरून नजर हलवली नाही.

पहिली: कुंकू आणि मऊ प्लास्टिकचा थर, दोन्ही निघालं. दुसरी: प्लास्टिकचा थर, निघाला; तांब्याचे ठिपके, टांकसाळीपासूनचे, राहू द्यावेत. तिसरी: मऊ प्लास्टिकचा थर, निघाला. रबराची काळी पट्टी, फिकट झाली, पूर्ण जाणार नाही. चौथी: प्लास्टिकचा थर, खाली ठसा कायम. राजाच्या गालावर तारेची ताजी रेघ. इथवर चिठ्ठीत होतं. पुढचं माझं: "पाकिटं मी केली. रबर मी लावलं. स्टेपल मी मारलं. काकीनं काही बदललेलं नाही. पाचवी तिनं घासली, तीही माझं हिरवं काढायला."

आई चहा आणता आणता थांबली. बाबांनी मशीनचा कागद दोनदा वाचला. आत्या माझ्याकडं बघत राहिली.

"म्हंजे तुज्या कागदानं झालं हे?"

"हो."

"आन वहिनी, तुमी गप का बसला मंग? त्वांड नव्हतं?"

काकी म्हणाली, "वन्सं, मला कुनी इचारलं? तुमी इचारलं बदलली का. कशात ठिवली, त्ये न्हाई इचारलं."

आत्यानं चहा घेतला नाही. "जाते मी, गाडी चुकंल," म्हणाली आणि गेली. गाडीला अजून तासभर होता.

किल्ली देव्हाऱ्यापुढंच राहिली. संध्याकाळी मी ती उचलून काकीला द्यायला गेले. तिनं घेतली नाही. "तू न्हाई द्यायची," एवढंच. मला वाटलं होतं, खरं काय ते सगळ्यांसमोर वाचलं की संपलं. आमच्या कामात तसंच असतं. छापलं, वाटलं, पुढचा विषय. इथं खरं वाचून झालं होतं, कागदावर वजनासकट लिहिलेलं होतं, आणि किल्ली जिथल्या तिथं होती. ज्यानं पत घेतली त्यालाच ती परत द्यावी लागते. माझ्या हातात फक्त माझी चूक होती. ती मी देऊन बसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोबाईल वाजला. आत्याचा फोन. मी उचलला.

"वहिनीला दे."

"काय झालं, आत्या?"

"तू न्हाई. वहिनीला दे म्हनलं ना."

काकी शेणाचे हात धुऊन आली. फोन कानाला लावायच्या ऐवजी तिनं तो स्पीकर लावून तोंडासमोर धरला, नेहमीसारखा, त्यामुळं आत्याचं सगळं आम्हाला ऐकू आलं. आत्याकडं सासूची पुतळ्यांची, म्हणजे सोन्याच्या नाण्यांसारख्या चकत्यांची माळ आहे. माझं पत्रक वाचून तिनंही तिचं पाकीट केलं होतं. मला कधी बोलली नव्हती. काल घरी जाऊन उघडलं, तर सगळ्या पुतळ्या चिकट आणि हिरव्या. घरात अजून कुणाला दाखवलेलं नाही. सासरे आहेत, दीर आहेत, धाकटी जाऊ आहे.

"वहिनी, मलाबी आसंच म्हनतील का वो? बदलली म्हनतील?" आत्याचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता.

काकीनं मोकळा हात पदराला पुसला. तेवढ्या वेळात ती काहीही बोलू शकली असती. मी तिच्या जागी असते तर बोलले असते, दोन्ही बाजूंना पुरेल एवढं.

"घासू नगा," ती म्हणाली. "चिच लावू नगा, पानीबी लावू नगा. कोऱ्या कागदात गुंडाळा. उद्या भोरला घिऊन या, म्या येती संगं. त्यो मानूस चांगला हाय, पर ट्यूब लावू देत न्हाई."

मग आत्या म्हणाली, "वहिनी, चुकलं माजं. किल्ली घ्या वर."

काकीनं फोन मला दिला, हात पुन्हा एकदा धुतले, देव्हाऱ्यापुढची किल्ली उचलली आणि पदराला गाठ मारली. गाठ मारताना ती मला म्हणाली, "आन तू. ज्यांच्या ज्यांच्या घरी कागद दिलास, त्यांच्या घरी जा आता. माज्यावानी गप बसनारी आनखी आसंल कुनी."

मी गेले. सराफावरचं पत्रक छापलं नाही. त्याऐवजी अर्ध्या कागदाचं एक छापलं, मथळ्यात शिवी नाही, शेवटी प्रश्न नाही: पासबुकाच्या कव्हरातलं सोनं काढा, आम्ही चुकीचं सांगितलं होतं. वरव्यात एका आजींनी ते वाचून घेतलं आणि विचारलं, "ह्ये तरी खरं का?" मी म्हटलं, नाण्यांच्या माणसाला विचारून लिहिलंय. त्या म्हणाल्या, "मागल्या टायमाला कुनाला इचारलं हुतं?" मला खाली बघावं लागलं. काही घरांत पाकीट केलेलंच नव्हतं, कागद फडताळात अंथरला होता. तिथं मला फार बरं वाटलं. दोन घरांत मात्र सुनेनं दार लोटून घेऊन डबा उघडला आणि हळू आवाजात विचारलं, ताई, हे जाईल ना?

आता कुठलंही पत्रक छापायला जाण्याआधी मी विंझरला येऊन ते काकीला वाचून दाखवते. अट तिची आहे. ती भाकरी थापत ऐकते आणि मधेच विचारते, "ह्ये तू बगितलंस का ऐकलंस?" बहुतेक वेळा मी ऐकलेलं असतं. मग ते वाक्य जातं. पत्रकं माझी लहान झाली आहेत. गटातली मंडळी कुरकुर करतात, धार गेली म्हणतात.

यंदाच्या लक्ष्मीपूजनाला काकीनं पाटावर धुतलेलं सुती फडकं अंथरलं. आईनं कुंकू पाटाच्या कोपऱ्याला वाहिलं. काकीनं गिन्या कडेला धरून एकेक मांडल्या. पहिल्या जागी तिनं ती चौथी ठेवली, ठसा राहिलेली, राजाच्या गालावर रेघ असलेली. मला वाटलं चुकून आली पुढं. मी ती मागं ठेवायला हात पुढं केला.

"ऱ्हाऊ दे," काकी म्हणाली. "ती तुजी. लांबनं वळखू येती."

भाऊबीजेला आत्या आली. आधी ओवाळलं, मग पाटापाशी वाकली, गिनीला हात लावण्याआधी तिनं पदरानं बोटं पुसली आणि कडेला धरून उचलली.